दर्शनी दाताचे मोल

'हसतील त्याचे दात दिसतील' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लोकनिंदेला भीक न घालता आपले काम करीत राहावे, हसणाऱ्याचे हसू त्याच्यापाशीच राहू द्यावे, असा तिचा आशय. या म्हणीत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. ती ही की, हसणाऱ्याला दात आहेत. ज्याचा समोरचा एक दात गेला आहे, त्याचे काय? असा माणूस दुसऱ्याला हसत नाहीच. पण हळूहळू दुसऱ्याबरोबर हसणेही तो सोडून देतो. आधी ओठ मिटून हसतो, मग बोलताना तोंडावर हात धरू लागतो आणि पुढे पुढे लग्नाघरी फोटो काढायची वेळ आली की कोणाच्या तरी खांद्याआड जाऊन उभा राहतो. जबड्यातील बोटाच्या पेराहून लहान अशी ती पोकळी. पण माणसाला मागच्या रांगेत नेऊन उभे करण्याचे सामर्थ्य तिच्यात असते.

अशा माणसाने काय करावे? दंतवैद्यकाकडे आज याचे उत्तर तयार आहे. खराब झालेला दात काढून त्या जागी हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवायचा, हाडाने तो धरला की त्यावर दातासारखी कॅप चढवायची. यालाच इम्प्लांट किंवा दंतरोपण म्हणतात. शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही आता हे उपचार होतात. तेव्हा 'कसे करावे' हा प्रश्न बराचसा सुटला आहे. 'करावे का' हा प्रश्न मात्र वैद्याचा नाही. तो ज्याचा त्याने, आपल्या घरात, आपल्या विवेकाशी बसून सोडवायचा आहे. ही गरज आहे की हौस? जो पैसा घरातील दुसऱ्या कामी आला असता, तो एका दातात घालणे योग्य आहे का? लहान दिसणाऱ्या या प्रश्नाच्या मुळाशी बरेच मोठे प्रश्न गुंतलेले आहेत आणि म्हणूनच त्याचा थोडा सविस्तर विचार करावासा वाटतो.

विचार हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. वय ५२. शाळेत मराठी शिकवतात. तेरा वर्षांच्या असताना पायरीवरून पडून त्यांच्या वरच्या मधल्या दाताला, म्हणजे ज्याला आपण पटाशीचा दात म्हणतो त्याला, मार बसला. दात तुटला नाही. पण आतून मेला आणि काळवंडला. पुढे रूट कॅनाल झाले, कॅप बसली आणि तो दात जवळजवळ चाळीस वर्षे निभावून गेला. अलीकडे त्याच्या मुळाशी हिरडीवर पुन्हा पुन्हा फोड येऊ लागला. तपासणीत मूळ उभे तडकल्याचे आढळले. उभ्या तडकलेल्या मुळाला सांधता येत नाही. दात काढावाच लागतो.

त्यांच्या घरी जी चर्चा झाली ती आपल्यापैकी कोणत्याही घरात होईल अशीच होती. मुलगा म्हणाला, "आई, एवढा विचार कसला करतेस? डॉक्टर सांगतायत तसं करून टाक." त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या बहिणीची फी भरायची राहिली आहे आणि मी दात बसवत बसू? आणि या वयात मला कोण बघायला येणार आहे?"

हे शेवटचे वाक्य आपल्याकडच्या किती स्त्रियांच्या तोंडून आपण ऐकले असेल! 'बघायला येणे' या दोन शब्दांत आपल्या समाजाने स्त्रीच्या चेहऱ्याचे सारे प्रयोजन कोंबून ठेवले आहे. लग्न जमेपर्यंत चेहऱ्याला किंमत. त्यानंतर तो असला काय अन् नसला काय. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण दैवाच्या विसंगतीबद्दल आहे. या बाईंच्या बाबतीत चणे होते, दातही मिळण्याजोगा होता. अडचण एवढीच की, आपला त्यावर हक्क आहे असे त्यांना वाटत नव्हते.

निर्णयाचा विचार करण्याआधी त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते ते पाहू. कारण प्रत्येक मार्गाला त्याची स्वतःची अशी एक नीती आहे.

पहिला मार्ग कवळीचा. काढता-घालता येणारा एक दात टाळूला चिकटणाऱ्या पट्टीवर बसवून मिळतो. हा सर्वांत स्वस्त. पण तो हलतो, त्याची पट्टी जिभेला जाणवते आणि रात्री काढून ठेवावा लागतो. दुसरा मार्ग ब्रिजचा. पोकळीच्या दोन्ही बाजूंचे दात चहूकडून घासून बारीक करायचे आणि तिन्हींवर मिळून एक जोडकॅप बसवायची. काम लवकर होते आणि नीट केले तर अनेक वर्षे टिकते. परंतु शेजारचे दोन दात निरोगी असतील तर तिसऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी त्यांचे कवच कायमचे उतरवावे लागते. एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही. शेजारचे दात आधीच किडलेले, भरलेले असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा ब्रिजने त्यांनाही आधारच मिळतो. तिसरा मार्ग रोपणाचा. तो शेजाऱ्याला हात लावीत नाही, आपल्याच पायावर उभा राहतो. मात्र त्याला शस्त्रक्रिया लागते, पैसा लागतो आणि सर्वांत जास्त लागतो तो धीर.

चौथाही एक मार्ग असतो आणि पुष्कळ लोक तोच पत्करतात. तो म्हणजे काहीच न करणे. परंतु काही न करणे म्हणजे सारे आहे तसे राहणे नव्हे. जबड्याचे हाड दाताच्या आधाराने टिकते. दात गेला की त्या जागेचे हाड झिजू लागते आणि ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते. वरच्या समोरच्या दातांच्या पुढील बाजूचा हाडाचा पापुद्रा मुळातच इतका पातळ असतो की, बहुतेकांच्या बाबतीत तो एक मिलिमीटरही भरत नाही. तो खचला की हिरडी आत बसते, वरचा ओठ किंचित खाली येतो. 'पुढे बघू' असे म्हणणाऱ्याला पुढे बघताना जागाच उरलेली नसते. पुढे ढकललेल्या निर्णयाचीही किंमत असते, ती फक्त वेगळ्या दिवशी चुकवावी लागते.

आता प्रश्न असा की, हा धातूचा स्क्रू हाडात राहतो कसा? त्याची कथा उद्बोधक आहे. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे स्वीडनचे शल्यवैद्य आणि संशोधक. १९५२ च्या सुमारास ते दातांचा नव्हे, तर हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या आवरणातील एक सूक्ष्म भिंग बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते महागडे उपकरण काढून पुन्हा वापरावे, असा त्यांचा विचार होता. ते निघेना! हाड त्या धातूला इतके घट्ट बिलगले होते की, दोहोंना वेगळे करणे अशक्य झाले. दुसरा कोणी असता तर उपकरण वाया गेले म्हणून हळहळला असता. ब्रॉनेमार्क यांनी त्या अडचणीतच एक शक्यता ओळखली. १९६५ साली गॉथेनबर्ग येथे त्यांनी जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या एका माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते त्याच्या उपयोगी पडले. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र या शोधाकडे वर्षानुवर्षे संशयाने पाहिले. १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतरच त्याला सर्वत्र मान्यता मिळाली. ब्रॉनेमार्क २०१४ साली निवर्तले.

या कथेतील एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. स्क्रू बसवण्याचे काम तासाभराचे असते. पण त्याला धरण्याचे काम हाड करते आणि त्यासाठी त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात त्याच्यावर भार पडून तो हलला, तर हाडाऐवजी भोवती नुसती मऊ पेशींची वेटोळी तयार होतात आणि सारे श्रम फुकट जातात. काही रुग्णांत दात काढला त्याच दिवशी स्क्रू आणि तात्पुरता दातही बसवता येतो. पण तेव्हाही त्या दाताने चावायचे नसते. धूम्रपान करणाऱ्याच्या किंवा मधुमेह आटोक्यात नसलेल्याच्या तोंडी अपयशाचा धोका वाढतो. वैद्याचे कौशल्य, धातूचा गुण, रुग्णाचा संयम या तिन्हींचा मेळ बसला तर दहा वर्षांनंतरही शंभरांतील नव्वदाहून अधिक रोपणे जागेवर असतात. पैसे मोजणाऱ्याला सर्व काही ताबडतोब मिळण्याच्या या काळात, हाड आपल्या गतीनेच चालते, ही गोष्ट मला तरी दिलासा देणारी वाटते.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. गेलेल्या दाताच्या जागी दुसरा दात बसवण्याची इच्छा फार जुनी आहे. आणि तिचा इतिहास फारसा निर्मळ नाही.

अठराव्या शतकात लंडनचे थोर शल्यवैद्य जॉन हंटर यांनी एका माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्याचे समर्थन केले. दात कोणाचा काढायचा? अर्थात ज्याला पैशाची गरज आहे त्याचा. श्रीमंत स्त्री खुर्चीत बसून वाट पाहते आहे आणि शेजारी धुराडी झाडणाऱ्या गरीब पोराचा दात उपटला जातो आहे, असे बोचरे व्यंगचित्र टॉमस रोलंडसन या चित्रकाराने १७८७ साली काढले. ते दात टिकत नसत आणि कित्येकदा त्यांच्याबरोबर दुसऱ्याचे रोगही येत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून त्यांच्या कवळ्या बनवण्यात आल्या. पुढे अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' असे नावच पडले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या हिशेबाच्या वहीत १७८४ साली एक नोंद आहे : कृष्णवर्णीयांना नऊ दातांबद्दल १२२ शिलिंग दिले. ते नऊ दात वॉशिंग्टन यांच्याच कवळीत बसले की नाही, हे ती नोंद सांगत नाही. परंतु ते कोणाच्या तोंडातून आले, हे ती सांगते. आणि गुलामीत जगणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हे सांगायला कोणत्याही वहीची गरज नाही.

व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल' या १८६२ सालच्या कादंबरीतील फांतीन अनेकांना आठवत असेल. आपली लहान मुलगी आजारी आहे, औषधाला चाळीस फ्रँक हवेत, असे पत्र तिला येते. ती बिचारी आपले समोरचे दोन दात विकून तेवढे पैसे उभे करते. मुलगी आजारी नसतेच. पत्र खोटे असते. ह्यूगोने तिच्या शरीरातून नेमके समोरचे दातच का निवडले असतील? कारण ते गेले की माणसाचा चेहराच जातो, आणि तिच्यापाशी विकायला तेवढेच उरले होते.

हा इतिहास पाहिला म्हणजे आजच्या रोपणाचे एक मोठेपण कळते. ते कोणाच्याही तोंडातून काढलेले नसते. एका माणसाच्या हसण्यासाठी दुसऱ्याला पोकळी स्वीकारावी लागत नाही. हा केवळ तंत्राचा विजय नव्हे, तर नीतीचाही आहे. तरीही एक बारीकशी बाब येथे नोंदवली पाहिजे. हाड अपुरे असेल तर त्या जागी हाडाची भुकटी भरतात. ती बहुधा गायीच्या वा डुकराच्या हाडापासून केलेली असते, काही वेळा मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी हाडापासूनही केलेली असते. पूर्णतः कृत्रिम भुकटीही मिळते. ती कशाची आहे हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि न विचारता सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. आपल्यासारख्या अनेक धर्मांच्या, अनेक आहारांच्या देशात तर ते अधिकच अगत्याचे आहे. शरीरात काय घालायचे याचा निर्णय खुर्ची मागे कलल्यावर घ्यायचा नसतो.

आता सर्वांत कठीण आक्षेपाला सामोरे जाऊ. तो असा : एका दातावाचून कोणी मरत नाही. मग जगात आणि आपल्याच गावात इतकी दुःखे असताना एवढा खर्च का करावा? या आक्षेपाला झटकून टाकणे बरोबर नाही, कारण तो विवेकातून येतो. शिक्षिकाबाईंच्या पगाराचा मोठा भाग त्यात जाणार होता आणि मुलीची फी ही काही काल्पनिक अडचण नव्हती.

पण 'त्यावाचून कोणी मरत नाही' ही मोजपट्टी आपण इतर ठिकाणी लावतो का? चष्म्यावाचून कोणी मरत नाही. घराच्या पुढच्या दाराला रंग दिला नाही म्हणून कोणी मरत नाही. जगण्यासाठी लागते तेवढेच माणसाला लागते, असे नाही. माणूस माणसांत जगतो, आणि त्यासाठी जे लागते तेही त्याची गरजच असते. पटाशीचा दात हा या दृष्टीने शरीराचा एक विलक्षण भाग आहे. तो आपला असून आपल्याला दिसत नाही. आरशावाचून आपण तो कधी पाहूच शकत नाही. तो दिसतो तो समोरच्याला. आपल्या चेहऱ्याचे मालक आपण असू. पण त्याचा उपभोग घेणारे दुसरे असतात. आईचे हसू आईसाठी नसते, ते लेकराने पाहायचे असते.

शिवाय बोलण्याचे काय? आपल्या वर्णमालेने त, थ, द, ध, न, ल, स या वर्णांना 'दंत्य' असे नावच दिले आहे. समोरचा दात गेला की जीभ टेकायला जागा शोधते, 'स' मधून शीळ निघते. ज्या बाईंनी तीस वर्षे मुलांना शुद्ध उच्चार शिकवले, त्यांनी वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलायचे का? त्यांच्या बाबतीत तो दात चेहऱ्याचा जितका, तितकाच कामाचाही होता.

चेहऱ्याच्या सौंदर्याविषयी कॅथॉलिक नीतिविचार नेहमीच साशंक राहिला, असा एक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. पोप पायस बारावे यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या इटलीतील शल्यवैद्यांपुढे याच विषयावर भाषण केले. शरीराचे सौंदर्य हे एक चांगले मूल्य आहे. मात्र ते सर्वोच्च मूल्य नव्हे, असा त्यांचा आशय होता. अशा उपचारांच्या बाबतीत त्यांनी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या : हेतू सरळ आहे का, आरोग्याला मोठा धोका तर नाही ना, आणि कारण उपायाच्या मानाने पुरेसे आहे का. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दाताच्या बाबतीत याहून सोपी आणि नेमकी कसोटी मला सापडलेली नाही.

या कसोटीवर दोन माणसे घासून पाहू. एकीचा दात गेला आहे आणि तिला तो परत हवा आहे. दुसऱ्याचे सर्व दात धडधाकट आहेत. परंतु पडद्यावरच्या नटासारखी पांढरीशुभ्र रांग हवी म्हणून तो ते घासून घेतो आणि त्यांवर कवचे चढवतो. दोघेही एकाच दवाखान्यात, एकाच खुर्चीत बसतात. पण एक जण हरवलेले परत मागते आहे, तर दुसरा असलेले गमावून नसलेले मिळवू पाहतो आहे. पहिलीला आपल्या माणसांत पुन्हा सहज मिसळायचे आहे. दुसऱ्याला माणसांहून वेगळे दिसायचे आहे. हौस आणि गरज यांमधील रेषा किमतीवरून ठरत नाही, ती येथे ठरते.

कोणी म्हणेल, नकली दात लावणे ही फसवणूक नव्हे का? चांगला दंतवैद्य नवा दात मोत्यासारखा पांढरा करीत नाही. तो शेजारच्या दाताचा रंग पाहतो. त्यावरची पिवळट झाक, एखादी बारीक रेघ, झिजलेली कड, सारे उतरवून घेतो. बावन्न वर्षांच्या तोंडात तो बावन्न वर्षांचाच दात बसवतो. हे लपवणे नव्हे, शेजाऱ्यांशी जुळवून घेणे आहे. खोटेपणा दातात नसतो. विचारल्यावर 'माझाच आहे' असे सांगण्यात तो असतो.

आणि तो दात आपला होतो का, याचेही प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पूर्णतः होत नाही. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. तंतूंच्या एका पातळ पडद्याने तो झोळीसारखा तोललेला असतो. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की आपण चमकतो, ते त्या पडद्यामुळे. रोपणाला तो पडदा नसतो. ते कळ देत नाही, दाब पुरता ओळखत नाही, आणि म्हणूनच भोवतालची हिरडी सुजून हाड आतून झिजू लागले तरी वेळेवर हाक मारीत नाही. त्याला कीड लागत नाही हे खरे, पण निगा मात्र मूळ दाताइतकीच, किंबहुना अधिक लागते. वेदनेला आपण शत्रू समजतो; ती राखणदार होती, हे ती नसताना कळते.

म्हणूनच आपला तो आपला. जोवर मूळ दात वाचण्याजोगा आहे तोवर तो वाचवण्यातच शहाणपण आहे, आणि चांगले दंतवैद्य हेच सांगतात. मुलांच्या बाबतीत तर हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. खेळताना पडून एखाद्या मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलावा, माती लागली असल्यास हलकेच धुवावा आणि शक्य तर तत्काळ खोबणीत परत बसवावा. ते जमत नसेल, तर दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. असे दात पुष्कळदा पुन्हा धरतात. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो. रोपण हा वाढत्या वयाचा उपाय नव्हे. जबडा वाढत असतो तोवर शेजारचे दात त्याच्याबरोबर सरकतात. रोपण मात्र जेथे बसवले तेथेच राहते आणि काही वर्षांत आखूड दिसू लागते. चौदा वर्षांच्या मुलाला तोवर तात्पुरत्या दातावर राहावे लागते. ते त्याला कठीण जाते, विशेषतः वर्गातील मुले चिडवू लागली म्हणजे. त्या काळात त्याला दातापेक्षा घरच्यांच्या आधाराची गरज अधिक असते.

येथे या विषयाची दुसरी बाजू येते. दात बसवणे चुकीचे नाही, हे मान्य केले. परंतु दात नसलेल्या माणसाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर चुकीची आहे. समोर फट दिसली की तो अडाणी, गबाळा, व्यसनी असावा, असे आपण न बोलता ठरवून टाकतो. नोकरीच्या मुलाखतीत, मुलगी पाहायला गेल्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर हे घडते. ज्याला खर्च झेपतो तो या अन्यायातून पैसे देऊन सुटतो. ज्याला झेपत नाही तो त्यात राहतो. आपण सुटलो म्हणजे अन्याय संपला असे नव्हे. नवा दात बसवून घेतलेल्या माणसाकडून म्हणूनच एक अपेक्षा ठेवावीशी वाटते : ज्या फटीची आपल्याला लाज वाटली, त्या फटीबद्दल दुसऱ्याला लाज वाटेल असे त्याने कधी वागू नये.

शिक्षिकाबाईंनी अखेर रोपण करून घेतले. मुलीच्या फीचे पैसे आधी बाजूला ठेवले, दागिना मोडला नाही, कर्ज काढले नाही; दवाखान्याने हप्ते करून दिले. पाच महिने त्या तात्पुरत्या दातावर राहिल्या. शाळेत कोणी विचारले तर सरळ सांगतात, "पडला होता, नवा बसवला." मला त्यांच्या निर्णयापेक्षा तो ज्या क्रमाने घेतला गेला तो क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मुलीचे देणे, मग स्वतःचे. पण स्वतःचे अजिबात नाही, असे नव्हे.

दंतदुखीने पिडलेल्यांची आश्रयदात्री म्हणून आपण संत अपोलोनियाला ओळखतो. ९ फेब्रुवारी हा तिचा स्मरणदिन. इ. स. २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांवर जमाव चालून गेला, तेव्हा तिच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. त्या नगरीचे बिशप दिओनिसियस यांनी एका पत्रात ही हकिकत लिहिली आणि इतिहासकार युसेबियस यांनी ती जपून ठेवली. त्या पत्रात ती एक वयोवृद्ध कुमारिका असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पण चित्रकारांनी तिला कसे रंगवले? हातात चिमटा, चिमट्यात दात आणि चेहरा मात्र बहुधा एका सुंदर तरुणीचा! शतकानुशतके आपण त्या म्हातारीला तिचा स्वतःचा चेहरा द्यायला कचरलो.

आपल्या घरांतही असेच काहीसे चालत नाही का? मुलीचे लग्न ठरत असेल तर तिच्या दातांसाठी आपण पदरमोड करतो. घरातील आजीचा दात पडला, तर तिच्या ताटात मऊ भात वाढतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. तिला कवळी हवी आहे का, ब्रिज हवा आहे का, की आहे तसेच बरे वाटते आहे, हे तिला कोणी विचारतच नाही. तिला कदाचित काहीही नको असेल. पोकळ तोंडाने खुदुखुदू हसणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत आणि त्यांच्या हसण्यात कसलीच उणीव नव्हती. पण 'नको' म्हणण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. येत्या रविवारी सारे कुटुंब जेवायला एकत्र बसेल, तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसाने तोंडावर हात का धरला आहे, याकडे एकदा लक्ष द्यावे. उपचार परवडेल की नाही हा पुढचा प्रश्न. विचारायला पैसे पडत नाहीत.